नाव दुरुस्त करून मिळणेबाबत

जिंतूरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीत
मी लोकांची नावं शोधून देतो.
एका नावाचे दहा रुपये, प्रिंटचे पाच वेगळे.
भरतीचा फॉर्म भरणारी पोरं येतात,
आधी मागं वळून बघतात, मग आपलंच नाव सांगतात.
मागं चारठाण्याचे एक गृहस्थ आले होते,
होणाऱ्या जावयाचं नाव तंबाखूच्या पुडीवर लिहून.
"निस्तं बघा. निघालं तर मलाच सांगा,
पोरीच्या मामाला नका कळू देऊ."
काही निघालं नाही.
तरी त्यांनी पुडी परत मागून घेतली.

केवळाबाई बाजाराच्या दिवशी येतात.
सरकीच्या पेंडीचं पोतं दाराशी टेकवतात
आणि उभ्यानंच म्हणतात, टाका.
मुंजाजी ग्यानबा कऱ्हाळे.

पहिल्या वेळी तासभर गेला होता.
मशिनला नाव इंग्रजीत लागतं.
आर एक की दोन? एच आधी की मागून?
रेकॉर्ड सापडले नाही.
रेकॉर्ड सापडले नाही.
मी एकेक अक्षर काढून बघत गेलो
आणि र गळाला तेव्हा माणूस निघाला:
मुंजाजी ग्यानबा कहाळे, राहणार मौजे धानोरा,
धंदा ड्रायव्हर.
येलदरीचा उतार, जीपमध्ये चौदा माणसं,
रस्त्यावर एक म्हातारा.
अजामीनपात्र वॉरंट. बजावणी प्रलंबित.
अकरा वर्षं.

मोहीम निघाली की जमादार धानोऱ्याला जातो.
चहा पितो, कणगीमागं बघितल्यासारखं करतो,
आणि लिहितो: सदर इसम नमूद पत्त्यावर
मिळून आला नाही.
आधीचा जमादार रिटायर झाला.
नव्यानं फोटो मागितला, तर लग्नातला निघाला,
मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेला.
भावकीनं नाव काढणं कधीच सोडलं.
"आता सरकारच तेवढं इचारायलंय बगा त्यायला,"
केवळाबाई म्हणाल्या होत्या,
सोयऱ्याचं कौतुक सांगावं तशा.

टपरीवर नोटरी करायला आलेल्या वकिलानं
फुकटात सल्ला दिला:
सात वर्षांच्या वर झाली, मयत धरता येतं.
दावा टाका, केस बंद, निराधारचा पगार चालू.
बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं,
"मंग जमादार येणार न्हाई?"
कशाला येईल, मी म्हणालो.
त्यांनी पोतं उचललं.
मागवलेला चहा तसाच राहिला,
वकिलानं तो दुसऱ्या कपात ओतून घेतला.

काल पुन्हा आल्या. उभ्या नाही राहिल्या,
स्टूल ओढून बसल्या.
"कहाळे कोण हाय आमच्यात?
पोलीस कहाळे हुडकायलेत.
मंग कऱ्हाळे कसा घावंल?
अर्ज लिव्हा."

शिरस्तेदार विचारतील, तुमचा यात काय संबंध.
आरोपी स्वतः कधी असा अर्ज देत नाही,
आणि घरचे तर नाहीच नाही.
हे सगळं ओठांपर्यंत आलं होतं.
मी लिहिलं:
मे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी साहेब यांचे सेवेशी.
विषय, वॉरंटातील आरोपीचे नाव दुरुस्त करून मिळणेबाबत.
मग ऱ्ह आला.
माझ्या कीबोर्डवर तो पटकन सापडत नाही,
पापणीच्या केसाएवढी रेघ ती.
तिसऱ्या खेपेला उमटली,
तर बाई स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, हां, हेच.

सही केली. एक अक्षर दुसऱ्याला टेकलं नाही.
"पत्ता बी नीट घाला.
घर तेच हाय, निस्तं दार बदललंय.
आदी उगवतीला होतं, आता मावळतीला केलंय.
रातचं आलं कुणी तर भिंतीला धडकंल."

जमादार रात्रीचा कशाला येतोय, मी म्हणालो.

त्या दहाची नोट मांडीवर ठेवून
तिची घडी मोडत बसल्या.